डिकीतला नारळ

गेलं वर्षभर मी देवासमोर दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. लावायचा म्हणून लावायचा, काडी विझवायची आणि गाडीची किल्ली उचलून निघायचं. लहानपणापासून गुरुवार करणारी मी, पण दत्ताच्या तसबिरीकडे धड बघतही नव्हते. भांडण म्हणावं तर तेवढी ताकद उरली नव्हती. यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, शाळेच्या ऑफिसातली नोकरी सांभाळायची, यांना पाणी मोजून द्यायचं, भाजी उकळून तिचं पाणी फेकायचं, आणि रात्री पाठ टेकली की सकाळचा विचार करायचा. देव आहे की नाही असा प्रश्न मला पडला नव्हता. असला तर असो, आपल्याला त्याच्याशी बोलायला सवड नाही, एवढंच वाटायचं.

आमची गाडीही आमच्यासारखीच थकलेली. इथे आखातात, अल ऐनला आल्यावर घेतलेली छोटी एसयूव्ही, तीसुद्धा कुणीतरी वापरलेली. हायवेवर तिला वेग धरायला वेळ लागतो. मागून कुणी लाइट मारले की मी मुकाट्याने उजव्या, सावकाश गाड्यांच्या लेनमध्ये जाते. एसी गाडी चालत असेल तर गार, सिग्नलला उभी राहिली की कोमट. पुण्याला शिकणारी लेक फोनवर म्हणायची, "ममा, जस्ट सेल इट. इट्स एन्शंट." तिला काय सांगणार? या गाडीत बसताना यांना वाकावं लागत नाही की चढावं लागत नाही. सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. डायलिसिसनंतर पाय लटपटत असतात तेव्हा नुसतं मागे टेकायचं आणि एकेक पाय आत घ्यायचा. मागची अर्धी सीट पाडली की घडीची व्हीलचेअर, उशी, पांघरूण, आठवड्याचा किराणा, सगळं मावतं. एवढं निमूटपणे करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, मी धरून.

खोड एकच. स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून टक् असा आवाज यायचा. शॉक अब्सॉर्बर बदलले, बुश बदलले, एका गॅरेजवाल्याने तर गाडीखालून मागची सगळी बाजू उघडून पुन्हा लावली. आवाज होता तिथेच. हे रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात मशिनं सांभाळलेले इंजिनिअर, पण या आवाजाबद्दल कधी चिंता केली नाही. "जुनी गाडी आहे, बोलणारच," म्हणायचे. डिकीच्या तळाला तर मला कधी हातच लावू दिला नाही. पंक्चर झालं तरी एकटेच टायरवाल्याकडे जायचे. गाडी मी चालवायला लागले ती यांच्या आजारपणानंतर.

डायलिसिसची सुई लावायची यांच्या हाताची शीर दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा डॉक्टर स्पष्टच म्हणाले, डायलिसिसवर आता फार दिवस काढता येणार नाहीत. माझी किडनी जुळत होती. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. अडलं होतं ते यांच्या होकारापाशी. "तुला कापून मला जगायचं नाही," हा यांचा एकच धोशा. मी समजावलं, रडले, अबोला धरला. शेवटी अबूधाबीच्या हॉस्पिटलात कमिटीसमोर जायचा दिवस आला. तिथे दोघांना वेगवेगळं आत बोलावतात आणि विचारतात, तुम्ही हे मनापासून करताय ना? त्या सकाळी मी यांच्या शर्टाची बटणं लावत होते, तेव्हा हे म्हणाले, "मी तिथे नाही म्हणणार आहे. उगाच फेरी होईल तुझी."

"बसा गाडीत," एवढंच मी म्हणाले. दिवा लावला होता. वाटलं, या घरात आपण दोघंच, आणि त्यातलाही एक आता जायला निघालाय.

अल ऐन मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती वाळू लागली, आणि मागचा टायर फुटला. गाडी कशीबशी कडेला घेतली. सप्टेंबरातला दमट उकाडा, दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरत होती. मदतीसाठी फोन केला तर पलीकडचा म्हणाला, येतो, इन्शाल्ला, पण वेळ लागेल. तेवढ्या वेळात कमिटी उठून गेली असती. पुन्हा तारीख मिळवायची तर यांना इथवर आणायचं बळ मी कुठून आणणार होते? म्हटलं, आपणच बदलू. मी डिकीकडे गेले तर हे आतून म्हणाले, "राहू दे. तळ उघडू नकोस."

मी ऐकलं नाही. व्हीलचेअर बाहेर काढली, उशी, पांघरूण काढलं, तळाची फळी उचलली. जादा टायर जागेवर होता. त्याच्या शेजारी जॅक ठेवायचा खळगा असतो. त्यात जॅक नव्हता. लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, कापड विटून गुलाबी झालेलं. ते कापड मी ओळखलं. माझ्याच एका ब्लाउजपीसचा तुकडा होता तो. उचललं, तर आतलं सुकलेलं खोबरं करवंटीवर आपटलं. टक्.

गाडी घरी आणली त्या दिवशी मी तिची पूजा केली होती. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, पण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमनने नारळ फोडू दिला नाही. पूजेचा नारळ तसाच टाकता येत नाही. वाहत्या पाण्यात सोडा, म्हणून मी तो यांच्या हाती दिला होता. अल ऐनला वाहतं पाणी कुठलं? "बघतो," म्हणाले होते. हे कधी देवापुढे उभे न राहणारे. तुझे दत्तगुरू पेट्रोल भरतात का, म्हणून मला चिडवणारे. टाकला असेल कचऱ्यात, असंच मी धरून चालले होते.

"अहो, हे काय? जॅक कुठे आहे?"

"घरी. बाल्कनीतल्या कपाटात."

"इंजिनिअर ना तुम्ही?"

"जागा एकाचीच होती," हे म्हणाले.

"आणि तो आवाज?"

"त्याचाच. सुकल्यावर वाजायला लागला."

"मग इतकी गॅरेजं कशाला पालथी घातली? सांगायचं ना."

हे वाळूकडे बघत म्हणाले, "तुझं होतं ते. टाकवेना. सांगितलं असतं तर काढून घेतलं असतंस."

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. त्या रडण्यातच मागे एक पिकअप येऊन थांबला. गवताच्या पेंढ्यांनी भरलेला, चालवणारा एक दाढीवाला पठाण. "क्या हुआ बाजी?" म्हणत उतरला, यांना एकदा पाहिलं आणि काही न विचारता धरून नेऊन आपल्या गाडीत, एसीसमोर बसवलं. मग स्वतःचा जॅक काढला. व्हीलचेअरवर ठेवलेला नारळ त्याला दिसला.

"ये क्या है?"

मी काही बोलायच्या आत हे खिडकीतून म्हणाले, "अमानत है. इनकी."

"अमानत धूप में नहीं रखते," तो म्हणाला. खांद्यावरचं फडकं त्याने सीटवर घडी करून टाकलं आणि नारळ यांच्या शेजारी ठेवला. घामाने निथळत टायर बदलला. साहेबांना काय झालंय, विचारलं. मी किडनीचं सांगितलं. "अल्लाह आसान करे. यल्ला, निकलो, देर हो जाएगी," म्हणाला आणि निघून गेला. तो कोण होता याचा मी काथ्याकूट करत नाही. त्याला शेतावर चारा पोचवायचा होता, उशीर होत होता, तरी तो थांबला.

नारळ मी माझ्या हाताने परत खळग्यात ठेवला. गाडी सुरू केली आणि रस्त्याकडे बघतच बोलले. "माझी एक वस्तू तुम्ही इतकी वर्षं बरोबर वागवलीत, मला न सांगता. आता आणखी एक ठेवून घ्या. सांगून देतेय." यांनी सीटबेल्ट लावला.

अबूधाबीत पोचल्यावर आधी मला आत बोलावलं, मग यांना. दार बंद झालं. बाहेरच्या खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं, माझे हात जोडलेले होते. मागायचं काही सुचत नव्हतं. यांनी होकार द्यावा, असंही म्हणवलं नाही. माझ्याकडून जेवढं झालं तेवढं झालं, आता तुझं तू बघ, इतकंच मनात आलं आणि वर्षभराचा शीण खांद्यावरून उतरल्यासारखं वाटलं.

हे बाहेर आले. "काय म्हणालात?" मी विचारलं.

"अमानत आहे म्हटलं. सांभाळीन."

शस्त्रक्रिया पार पडली. दोघंही हळूहळू हिंडूफिरू लागलो. मला वाटायचं, देवाला शरण जायचं म्हणजे आपलं काहीतरी त्याच्या पायाशी ठेवायचं. ते मला जमायचं. दुसऱ्याने दिलेलं मान खाली घालून घेणं त्याहून अवघड असतं, हे मी यांच्याकडे बघून शिकले. आणि ज्या वर्षी माझे हात जुळत नव्हते, त्या वर्षीही माझा नारळ माझ्याच मागे प्रवास करत होता. देवाला हात न जोडणाऱ्या माणसाने तो जपला होता. यासाठी उपकार कुणाचे मानू, असा प्रश्न पडतो, तेव्हा मी देवाचे आणि यांचे, दोघांचेही मानते.

जॅक आता मागच्या सीटखाली दोरीने बांधून ठेवलाय. नारळ त्याच्या जागी आहे. गाडी विकायची गोष्ट लेकीने सोडून दिली. आमच्या बिल्डिंगच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. त्यावरून उतरताना मागे टक् होतं, आणि शेजारी बसलेल्या यांचा हात पोटाच्या उजव्या बाजूला जातो. मी गाडी सावकाश घेते.