तोंड माझं, आवाज तिचा

टीव्हीवर दोन वर्षं माझं तोंड दिसलं. आवाज माझा नव्हता. न्हावऱ्यात आमच्या घराबाहेर ही गोष्ट कुणाला माहीत नाही, कारण आईनं ती कधी फुटूच दिली नाही. आता मी सांगतेय. आईला राग आला तर येऊ दे, मला तर वीस वर्षं येतोच आहे.

मी तिसरीत होते. शिक्रापूरच्या अलीकडं, हायवेला लागून एक घर भाड्यानं घेऊन एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गर्दीत उभी करायला पोरं पाहिजे होती म्हणून गुरुजींनी आम्हाला टेम्पोत घालून नेलं. दिवसभर उन्हात उभं राहून मी वैतागले आणि एका लाईटवाल्याशी कचाकचा भांडले, कारण त्यानं माझ्या चपला लाथेनं बाजूला सारल्या होत्या. दिग्दर्शकानं ते भांडण पाहिलं आणि तो पोट धरून हसला. आठ दिवसांनी आमच्या दारात जीप आली आणि मी त्या मालिकेतली अनाथ पोर झाले.

काम सोपं होतं. रड म्हटलं की रडायचं, भांड म्हटलं की भांडायचं, आणि हे दोन्ही मला जन्मापासून येत होतं. माझं एक वाक्य होतं, ते प्रत्येक भागात एकदा तरी यायचंच: ‘मला इचारल्याबिगर कुनी रडायचं न्हाय!’ आमच्याकडं असं ठसक्यात कुणी बोलत नाही, पण लिहिणारे मुंबईचे, त्यांना कोण सांगणार. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हशींच्या धारा उरकून मला मोटरसायकलवर घेऊन जायचे आणि दिवसभर झाडाखाली बसून राहायचे.

घोडं अडलं ते हायवेमुळं. दर दोन मिनिटाला एखादा ट्रक हॉर्न मारत जायचा, आवाज टिपणारा माणूस हात वर करायचा आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी ठरलं की चित्रं इथं घ्यायची आणि आवाज मागाहून मुंबईत भरायचे. त्यासाठी आप्पा मला एसटीनं मुंबईला घेऊन गेले.

एका बंद खोलीत मला स्टुलावर उभं केलं आणि कानाला हेडफोन लावले. समोर पडद्यावर माझेच ओठ हलत होते, त्यांच्याबरोबर बोलायचं होतं. मला वाटलं, हात्तिच्या, हे तर मीच बोललेय. पण काचेमागच्या माणसाचं तोंड आंबट होत गेलं. जरा गोड बोल म्हणाला, मी गोड बोलले. बारीक आवाज काढ म्हणाला, मी काढला. मग तो शेजारच्या बाईला म्हणाला की आवाज घोगरा आहे आणि बोलणं फारच गावंढळ वाटतं. हेडफोनमधून मला ते सगळं ऐकू येत होतं, हे त्याच्या लक्षात नव्हतं. बाहेर येऊन त्या बाईनं आप्पांना सांगितलं, पोरगी फार गुणी आहे, छान झालं काम. आप्पांनी खूश होऊन तिला पिशवीतले पेरू दिले.

खेड्यातल्या पोरीचं काम, आणि खेड्यातल्या पोरीचा आवाज चालेना. कशात काय नि फाटक्यात पाय!

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सगळी वस्ती आमच्या घरात. आत जागा नव्हती म्हणून बायका उंबऱ्यात बसल्या होत्या. मी पडद्यावर आले तसा एकच गलका झाला. मग मी तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी दुसरीच बोलली. बारीक, लाडिक, साखरेत घोळलेला आवाज. सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. शेजारच्या काकूंनीच मग निकाल लावला, की मशिनीतनं आलं म्हंजी आवाज बदलतोच, रेडिओवर न्हाई का बदलत. सगळ्यांना ते पटलं. आप्पा म्हशी बघून येतो म्हणून उठून गेले. मी आईला काहीतरी सांगायला गेले तर तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तरीही झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण शिरूरला तालुक्याचं गॅदरिंग होतं आणि मला स्टेजवर बोलावलं. निवेदक म्हणाला, बाळ, तुझं ते वाक्य होऊन जाऊ दे. मी माइक धरला आणि माझ्या आवाजात म्हणाले. दोन क्षण कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘ही ती न्हाईच!’ आणि सगळं पटांगण हसलं. शाळेची पोरं, मास्तर, पुढं सोफ्यावर बसलेले पाहुणेसुद्धा. मी आठ वर्षांची होते. माझं तोंड घेऊन मी उभी होते आणि लोक मला खोटी म्हणत होते.

आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मामाकडून टेपरेकॉर्डर आणला, टीव्हीपुढं धरला आणि अख्खा भाग टेप केला. मला समोर बसवून म्हणाली, “तिनं तुझं तोंड वापरलं. आता तू तिचा आवाज वापर. फिट्टंफाट.”

शाळा सुटली की गोठ्यात टेप लावायची आणि त्या पोरीसारखं बोलायचं. आई गोवऱ्या थापता थापता ऐकायची. चुकलं की शेणाच्या हातानं टेप मागं फिरवायची आणि परत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, बोर-चिंच बंद, ओरडणं बंद. पुढं वस्तीवरच्या पोरांत खेळणंही बंद केलं, का तर त्यांच्यात गेलं की तुझं मूळचं बोलणं परत तोंडात येतं. घरात मी ‘व्हय’ म्हटलं तरी चालायचं नाही, ते त्या पोरीच्या सुरात म्हणावं लागायचं. आप्पा एकदा म्हणाले, पोरीला बोलू दे की तिचं तिचं. आई म्हणाली, तुम्ही पेरू वाटा.

वर्षभरात जमलं. इतकं जमलं की टेप कुठली आणि मी कुठली हे आप्पांनाही ओळखू येईना. मग काय विचारता! दौंडच्या गणपतीत बोलावणं, शिक्रापूरच्या शोरूमला बोलावणं, शिरूरला साड्यांच्या दुकानाची फीत कापायला बोलावणं. मी वाक्य म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली होती.

मालिका संपली. मी तेरा वर्षांची झाले, ताडमाड वाढले, पुढचे दोन दात बाहेर आले, गालावर फोड उठले. मंडळवाले मला बघून आप्पांना विचारायचे, ती लहान पोर कुठाय? मी वाक्य म्हटलं की मात्र ओळखायचे. दौंडला एक म्हातारे आजोबा म्हणाले, डोळं मिटून ऐकलं की तीच. त्यांनी कौतुकानं म्हटलं, पण मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. जे माझं होतं ते तोंड गेलं, आणि उरलं काय, तर दुसरीचं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. हळूहळू बोलावणी थांबली.

ती पोरगी कोण, मला आजही माहीत नाही. कधी तिला पाहिलं नाही. तिचं नाव पडद्यावर आलं नाही. लहानपणी तिला शिव्या द्यायचे, आता देत नाही. तिलाही कुणीतरी स्टुलावर उभं केलं असेल.

पुढचं सगळं चारचौघींसारखं. शिरूरला कॉलेज केलं. पुण्यात दोन-चार ठिकाणी कामासाठी फोटो दिले, त्यांनी ठेवून घेतले. आप्पा गेले. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले आणि दौंडला खोली घेतली. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दिवसभर गोळ्यांची पाकिटं. शेजारी बिहारच्या बायका, त्यांच्याशी हिंदी. कुणाला सांगितलं नाही की मी एकेकाळी कोण होते. सांगून काय, आरती ओवाळणार होते?

आणि मग गेल्या वर्षी मोबाइलवर मेसेज आला. नवी मालिका येतेय, शिरूर-दौंड भागातल्याच मुली पाहिजेत, अनुभव नको, इथली बोली अस्सल यायला हवी, शूटिंगमध्येच आवाज घेणार. शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं देव जाणे. जी बोली तेव्हा गावंढळ म्हणून टाकली, तीच आता मागत होते. माझं वय अठ्ठावीस. हिरॉईन व्हायचं नव्हतं मला. फक्त एकदा, अगदी पाच मिनिटांचं का होईना, माझ्या आवाजात काम करायचं होतं आणि ते न्हावऱ्यात आईच्या शेजारी बसून बघायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. मी शिफ्ट बदलून घेतली आणि शिरूरला गेले.

मंगल कार्यालयात तीसेक मुली खुर्च्यांवर बसल्या होत्या. निवड करणारी बाई माझ्याहून लहान असेल, बोलायला मऊ. तिनं लिहिलेलं काही दिलं नाही. म्हणाली, घरी आईशी भांडता तसं भांडा. मला वाटलं, देव पावला! भांडायचं तर मला जन्मापासून येतं.

मी सुरुवात केली आणि माझ्याच कानांनी ऐकलं. टीव्हीतली ती पोरगी बोलत होती. तोच बारीक आवाज, तोच लाडिक हेल, प्रत्येक शब्दाला तसाच ठसका. मी थांबले, घसा खाकरला, परत सुरू केलं. परत तीच.

“छान,” बाई म्हणाली. “आता सिरियलमधलं सोडा. तुमचं बोला.”

मी आवाज जाड केला, तर नाटकातल्या पाटलासारखा झाला. हळू बोलले, तर शाळेतल्या बाईसारखा. मी आठवायला लागले, पण आठवायचं काय? आवाज का आठवून बोलतात? बाई समजुतीनं हसली आणि तिनं विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“न्हावऱ्याची.”

“आज सगळ्याच इथल्या आहेत,” ती म्हणाली आणि तिनं पुढच्या मुलीला बोलावलं. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. त्याचा मला राग नाही, माझाही बसला नसता.

पुढची मुलगी घोडनदीच्या काठच्या वस्तीवरची. पाण्याची मोटर बंद केली म्हणून ती भावाशी भांडली. घोगरा, खरखरीत आवाज, शब्द अर्धे गिळलेले, मधेच नाक ओढणं. बाईनं पेन खाली ठेवलं. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. माझी जागा तिनं घेतली असं मला वाटलं नाही. माझा आवाज राहिला असता तर मी तिथं कशी बोलले असते, ते मला ऐकू येत होतं.

दौंडला न जाता मी न्हावऱ्याची एसटी पकडली. आई दारात कांदे निवडत होती. साठी ओलांडली आता तिनं. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि सडका कांदा तसाच हातात धरून होती. मी विचारलं, आई, त्या मालिकेच्या आधी मी कशी बोलायचे?

तिनं तो कांदा बाजूला टाकला. मग म्हणाली, “घोगरा व्हता आवाज. तुझ्या आप्पावानी. लई गोड व्हता असं न्हाई.” पदराला हात पुसत म्हणाली, “म्या घालवला त्यो. तवा मला वाटलं, पोरीला कुणी हसाया नगं.”

मी इतकी वर्षं या कबुलीची वाट बघत होते. ती आली आणि त्यानं काहीच झालं नाही. आईवर ओरडायचं म्हटलं तर तेही त्या पोरीच्या आवाजात ओरडावं लागलं असतं. मग आईच म्हणाली, लहानपणी शाळेतनं आलीस की रस्त्यापासनं मला हाक मारायचीस, तशी मारून बघ. मी रस्त्यावर गेले. म्हणजे खरंच गेले, अठ्ठावीस वर्षांची बाई, पर्स खांद्याला तशीच.

“आये!”

आईनं मान हलवली. ही न्हवं, म्हणाली. मी परत हाक मारली. ही बी न्हवं. तिचे डोळे भरले होते, तरी ती कान देऊन बसली होती. मी तिसऱ्यांदा हाक मारली, तीही बारीक, लाडिक, साखरेत घोळलेली, आणि या वेळी आईनं ओ दिली. माझी कीव येऊन दिली. ते मला रस्त्यापर्यंत ऐकू आलं.