अंबरीशचा पहिला ससा

आमच्या अंबरीशला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, त्यातली अकरा इथे, डचांच्या देशात, झूटरमेर गावी गेली, आणि या अकरा वर्षांत त्याने घरी पाव भाजून पाहिले, शिडाची होडी शिकून पाहिली, मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी ठेवून शेजाऱ्यांचा जीव खाऊन पाहिला. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन पाय हलवत बसायचं. जेवताना टेबलाखाली तो पाय हलायला लागला की मी ओळखते, नवीन खूळ येतंय.

शिकारीचं खूळ मात्र सानिकामुळे आलं. सानिका आमची लेक, तेव्हा दहा वर्षांची. एका रविवारी तिने मटणाची वाटी बाजूला सारली आणि आपल्या अर्ध्या डच, अर्ध्या इंग्रजीत जाहीर केलं की आजपासून मांस बंद. मी म्हटलं, बरं, तुझ्या वाटचं आम्ही खाऊ. पण हा कुठला गप्प बसायला! लागला वाद घालायला, शितोळ्यांच्या घरात असलं चालत नाही म्हणून. पोरीने शांतपणे एकच विचारलं, तू स्वतः मारू शकशील का? तेवढं पुरलं. दुसऱ्या आठवड्यात याने शिकारीच्या कोर्सला नाव घातलं.

इथे शिकार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जाड पुस्तकं, बदकांची चित्रं पाठ करायची, उडत्या मातीच्या थाळ्यांवर नेमबाजी, मग परीक्षा. बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते बघायला चक्क पोलीस घरी आले. आमच्याकडे याआधी पोलीस आले ते एकदाच, पासपोर्टच्या वेळी पुण्याला, त्यामुळे मी उगाचच त्यांच्यासमोर चिवड्याची बशी ठेवली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना बातमी लागली तेव्हा त्यांच्यातल्या नंदाने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं दोघांचं सगळं ठीक आहे ना?

गावाबाहेर पाण्याच्या चरांनी कापलेली कुरणं आहेत. तिथे हेरिट नावाचा सत्तरीचा गवळी आहे, आणि त्याच्या जमिनीवर सहा जणांची टोळी शिकार करते. नवख्याने आधी दोन-तीन हिवाळे नुसती काठी घेऊन हाकाऱ्यांबरोबर चालायचं, गवतातून जनावर उठवायचं, ही तिथली रीत. अंबरीशला हेरिटने एकाच हिवाळ्यानंतर बंदूक घेऊन उभं राहायला परवानगी दिली. बाकीच्यांपैकी दोघांना ते आवडलं नव्हतं, आणि हे याला पक्कं माहीत होतं.

जायच्या आदल्या दिवशी सानिकाने त्याच्याकडून वचन घेतलं. काहीही होवो, तिला जसंच्या तसं सांगायचं. लहान म्हणून गोड करून सांगायचं नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हो म्हणाला.

नोव्हेंबरातला शनिवार. हा उजाडायच्या आत गेला आणि चार वाजता परत आला. सानिका दार उघडायला धावली. तिने विचारायच्या आतच हा म्हणाला, "काही नाही. नेम चुकला." पोरीने तशीच त्याच्या ओल्या जॅकेटला मिठी मारली. इतकी खूश मी तिला तिच्या वाढदिवसालाही पाहिली नव्हती. याने मात्र तिला जवळ घेतलं नाही, हात लोंबकळत ठेवून उभा राहिला.

संध्याकाळी आवडीचं पिठलं केलं होतं, ते त्याने चिवडलं. बंदूक एकदा पुसली, दुसऱ्यांदा पुसली, तिसऱ्यांदा पुसायला काढली. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मला वाटलं, नेम चुकला म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्यात. मी चिडवलं, शितोळ्यांचा नेम पाहिला बाई आज. एरवी त्याने चार शब्द सुनावले असते. आज तो बंदुकीचं कपाट लागलंय का ते पुन्हा बघायला गेला.

रविवारी सकाळी सानिका हॉकीला गेली आणि चहाचा कप हातात धरून हा बोलायला लागला. नेम चुकला नव्हता. गवतातून ससा उठला, तीस पावलांवरून आडवा पळाला, याने बार टाकला. सशाची मागची बाजू खाली बसली, आणि मग एक पाय फरपटत तो चराकाठच्या लव्हाळ्यात शिरला. अशा वेळी काय करायचं ते कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. हात वर करायचा, ओरडायचं, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि कुत्र्याने जखमी जनावर शोधायचं. चराच्या पलीकडून हेरिटने हातानेच विचारलं, काय झालं? आणि याने मान हलवली. काही नाही. चुकला.

मी विचारलं, का? तर म्हणे, माहीत नाही, होऊन गेलं.

मला माहीत आहे का ते. आपल्या माणसांना ही खोडच आहे. तीन वर्षांपूर्वी हा एकशे तीन तापात डॉक्टरकडे गेला आणि तिने कसं वाटतंय विचारल्यावर "तसं काही नाही" म्हणाला. तिने बिचारीने खरं मानून घरी पाठवलं, आणि आठवडाभर त्याचा न्यूमोनिया मी निस्तरला. कुणाला आपल्यामुळे थांबावं लागू नये, कुणी आपल्याकडे बघू नये. त्यात पाच गोरे बंदूकवाले ओळीत उभे आणि हा एकटा नवखा, एकटा सावळा. सगळं समजलं मला, पण म्हणून राग कमी झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

"तो तिकडे पडलाय आणि तू इथे चहा पितोयस?" मी म्हटलं.

हेरिटला फोन करायला तो तयार होईना. टोळीतून काढतील, परवाना जाईल, आज रविवार, हेरिट चर्चमधून येत असेल. शेवटी मी नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने सगळं सांगितलं. मग हेरिट म्हणाला, ये. रविवारी इथे कायद्यानेच शिकार बंद असते, त्यामुळे बंदूक कपाटातच राहिली, मी मात्र बरोबर गेले.

हेरिट चर्चच्या कोटाखाली रबरी बूट घालून फाटकाशी उभा होता, शेजारी त्याची तपकिरी कुत्री. तो एक शब्दही वेडावाकडा बोलला नाही, ससा कुठे शिरला एवढंच विचारलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. कुत्री चराच्या कडेने नाक जमिनीला लावून चालली, तिच्या मागे ते दोघे, आणि मी बांधावर शाल गुंडाळून. देवा, तो मेलेला असू दे, असं मी मनात म्हणत होते. असल्या गोष्टीसाठी मी देवाला कधी हाक मारीन असं वाटलं नव्हतं.

ससा जिवंत होता. काटेरी झुडपाखाली पोट जमिनीला दाबून बसला होता, एक रात्र आणि वर जवळजवळ एक दिवस. हेरिटने कुत्रीला पट्ट्याला धरून मागे घेतलं आणि स्वतःची काठी अंबरीशच्या हातात दिली. मागचे पाय धरून उचलायचं आणि कानामागे एक फटका, हे याने पुस्तकात वाचलं होतं. पहिला फटका नीट बसला नाही. मी तोंड फिरवलं. दुसरा बसला. मी वळून पाहिलं तर हा ससा हातात धरून रडत होता आणि हेरिट त्याच्याकडे न बघता गवताकडे बघत होता.

नंतर हेरिट म्हणाला, "जनावर जखमी सगळ्यांच्याच हातून होतं. माझ्याही झालंय. पण कालची रात्र त्याला तू दिलीस." पुढच्या शनिवारी ये म्हणाला, बंदुकीशिवाय.

गाडीत मी अंबरीशला सांगितलं, सानिकाला यातलं काही बोलू नकोस. अकरा वर्षांची पोर, तिला कशाला? म्हणजे बघा, सकाळी त्याच्यावर आग पाखडणारी मी, आणि दुपारपर्यंत मलाही तेच सुचलं. तो नाही म्हणाला. वचन दिलंय म्हणाला.

हॉकीच्या चिखलाने भरलेले मोजे काढत ती पायरीवर बसली होती, तेव्हा त्याने सांगितलं. फरपटलेला पाय, हलवलेली मान, दोन फटके, सगळं. ऐकता ऐकता तिने दुसरा मोजाही काढला. शेवटी इंग्रजीत एवढंच म्हणाली, "काल मी खूश झाले होते, बाबा. तेव्हा तो तिथे पडला होता?"

तो म्हणाला, "हो."

ती वर गेली. ससा याने मागच्या शेडमध्ये सोलला, स्वतः शिजवला आणि चार दिवस एकट्याने खाल्ला. मी तोंड लावलं नाही.

आता तो शनिवारी काठी घेऊन जातो. तो परत आला की सानिका अजूनही दार उघडते आणि आज काय झालं ते विचारते. तो सांगतो, किती उठले, किती पडले, एखादा निसटला तर कसा. काहीही लपवत नाही, मला ठाऊक आहे. ती सगळं ऐकून घेते आणि मग माझ्याकडे बघते, खरं आहे का म्हणून. बूट काढता काढता त्याला ते दिसतं.