नजर तिच्यावरच जाते

मुरबाडच्या कुंडलिककाकांचा फोटो स्टुडिओ कधीच बंद पडला, पण नजर शाबूत होती. आम्हा फोटोग्राफरांच्या ग्रुपवर कुणीही फोटो टाकला की काका बारा-पंधरा ओळी लिहायचे. नवरीच्या तोंडावर उजेड कुठून हवा होता, बैलाचे खूर फोटोत का कापले, सगळं समजावून. बाकीचे न वाचताच अंगठा टाकून मोकळे. मनावर घेणारा मूर्ख मी एकटाच.

म्हसा गावच्या जत्रेतला माझा बैलजोडीचा फोटो बघून त्यांनी लिहिलं, “बैल झकास आलेत. पण मागं आमची वत्सला हसतेय, नजर तिच्यावरच जाते. तेवढं काप.”

मी कापलं.

गेल्या आठवड्यात वत्सलाकाकू वारल्या. दहाव्याला ठेवायला फोटो हवा म्हणून काका टोकावड्याला माझ्या घरी आले. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे फोटो काढले, बायकोचा एक नाही.

“सुयोग, जत्रेतला तो मूळ फोटो दे रे.”

“नाय ठेवला, काका.”

मग त्यांनी कापलेलाच बघायला मागितला. बराच वेळ बघून म्हणाले, “चांगला कापलास. आता नजर कुठं जातच नाय.”