रस्त्यावरचं मीठ

आन्सेल्म व्हेर्न्योल सुतार होता, पण गावाला त्याची दारं-खिडक्या आठवत नाहीत. आठवते ती त्याची पेजो. सात माणसांची लांबलचक गाडी, १९६८ साली कोरी घेतलेली. घरात माणसं तीन. लेक सोलांज मागच्या सीटवर कधी बिस्किट खाऊ शकली नाही. बायको जानीन बूट झटकूनच आत पाय ठेवायची.

नोव्हेंबरात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकू लागले, की आन्सेल्म गाडीची चाकं काढून ती लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा. मिठाने पत्रा गंजतो ना! उन्हाळ्यात हौशी लोक बघायला यायचे. "काय जपलीय हो!" म्हटलं, की स्वारी खूश. जानीन कशी आहे, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत जानीनच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. फोनवर दोन तास सांगितले.

"अहो, आपली गाडी काढा ना."

"रस्त्यावर मीठ आहे. येईलच अ‍ॅम्ब्युलन्स."

ती आली, पण तालुक्याच्या हॉस्पिटलला नेताना जानीन वाटेतच गेली. दफनाला आलेल्यांना आन्सेल्म सांगत राहिला, बर्फ फार होतं. पुढे पंधरा वर्षं सोलांजचा नाताळला तेवढा फोन यायचा.

आता त्याचे पाय गेले. तालुक्याच्या गावी, त्याच हॉस्पिटलसमोरच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, तीही फेब्रुवारीत. त्याने लेकीला फोन केला. "गाडी तू ने. पण जप हं."

सोलांज नवी बॅटरी घेऊन आली आणि चाकं चढवू लागली.

"अगं, आज नको! सकाळीच मीठ टाकलंय!"

"माहितीय. बाबा, बसा. आणि तालुक्याला पोचायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळात बघा."

मिठाचे खडे खालून पत्र्यावर तडतडत होते. म्हातारा प्रत्येक खड्याला अंग चोरत होता.

"हळू गं!"

"अ‍ॅम्ब्युलन्सची दोन तास वाट बघत होती ना, तेव्हा आईने मला फोन केला होता. म्हणाली, तुझे बाबा मिठाला भितात."

"बर्फ फार होतं त्या दिवशी."

"मीठ टाकलं होतं ना? मग रस्ता मोकळाच होता की."

सोलांजने गाडी वृद्धाश्रमाकडे वळवली नाही, समोरच्या हॉस्पिटलच्या दारात उभी केली.

"किती मिनिटं झाली?"

एखादं मिनिट वाढवून सांगता आलं असतं. त्याने मनगट डोळ्यांजवळ धरलं.

"अडतीस," तो म्हणाला.