कागदी ग्लास संपले होते

टँकर चालवायला लागलो त्या पहिल्याच सकाळी अंबरनाथ पूर्वेच्या बाजारातून जाताना लोक मला हात करत होते. भाजीवाली हात करत होती, रिक्षावाले हात करत होते, एक म्हातारे गृहस्थ तर छत्री उंचावून दाखवत होते. मला भरून आलं. फॅक्टरीत उभी हयात घालवली, तिथे गेटवरचा माणूससुद्धा मान वर करून बघत नव्हता, आणि इथे पाणी घेऊन निघालो तर अख्खा बाजार ओळख देतोय. मीही खिडकीतून हात हलवला. म्हाताऱ्यांसाठी खास हॉर्न दिला. बदलापूरला सोसायटीच्या गेटवर उतरून गाडीच्या मागे गेलो, तेव्हा कळलं की मागचा व्हॉल्व्ह उघडाच होता. निघालं होतं दहा हजार लिटर, पोचलं ते बादलीभर.

आमचे टँकरमालक उल्हासनगरचे. वयाने माझ्याहून लहान, पण सगळ्यांना ‘साईं’ म्हणतात, मलाही. त्यांनी शांतपणे विचारलं, “साईं, आपण पानी पोचवायला गेले होते की शिंपडायला?” आणि मग तितक्याच शांतपणे, “अब एक भी कंप्लेंट आयी, तो चाबी टेबल पर.”

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग नगरपालिकेने सत्कार कधी ठेवलाय?”

ती चावी टेबलावर जाऊन मला चालणार नव्हतं. फॅक्टरी बंद पडल्यापासून घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती उल्हासनगरात कपड्यांच्या कारखान्यात धागे कापते. मुलगी कॉलेजात. पन्नाशीला आलेल्या स्टोअरकीपरला कोण विचारतो? माझ्याकडे एकच गोष्ट होती, तरुणपणी हौसेने काढलेलं हेवी लायसन्स. ते मी दर वेळी न चुकता रिन्यू करत आलो होतो आणि त्यावर घरात दर वेळी हसणं व्हायचं. आता त्यावरच भाकरी होती. म्हणून मी शिकलो. गाडी काढण्याआधी मागे जाऊन व्हॉल्व्ह हाताने चाचपायला शिकलो. भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा टँकर जास्त हट्टी असतो हे शिकलो. ब्रेक दाबला की गाडी थांबते, आतलं पाणी थांबत नाही. ते पुढे येऊन पाठीत ढुशी मारतं. हळूहळू हात बसला. कंप्लेंट आली नाही.

मला मिळालेली ती बदलापूरची सोसायटी चांगली होती. रस्ता डांबरी, वळायला जागा, टाकी गेटजवळच. गेटमध्ये कारंजं होतं, कोरडं. बाहेरच्या बोर्डावर अजून ‘चोवीस तास पाणी’ असं लिहिलेलं होतं. ते चोवीस तास पाणी म्हणजे मी.

वॉचमनच्या केबिनशेजारी एक वॉटर कूलर होता. त्यावर स्टीलचा ग्लास साखळीला बांधलेला, आणि बाजूला कागदी ग्लासांची चळत. वर छापील कागद: ‘कामवाल्या, ड्रायव्हर व बाहेरील व्यक्तींनी कागदी ग्लास वापरावा.’ मी बरेच दिवस कागदी ग्लासातून पाणी प्यायलो. खरं सांगतो, लक्षातही आलं नव्हतं. चष्मा गाडीत असायचा.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी कागदी ग्लास संपले होते. बदलापूरचं ऊन ज्याने घेतलंय त्याला सांगायला नको. केबिनचा पत्रा तापून मी आत भाजून निघालो होतो. टाकीत पाईप सोडला, व्हॉल्व्ह उघडला आणि कूलरकडे गेलो. स्टीलच्या ग्लासाला हात लावणार तोच वॉचमन उठला. कोकणातला साधा माणूस, मला मामा म्हणायचा.

“मामा, तो नको. तो मेंबर लोकांचा आहे.”

“अरे, मग कशातून पिऊ?”

“कागदी संपलेत. उद्या येतील.”

“तहान आज लागलीय रे.”

तो बिचारा ओशाळला. स्वतःची बाटली पुढे करून म्हणाला, “ह्यातलं घ्या.” बाटली घेतली असती तर विषय तिथेच संपला असता. पण ‘मेंबर लोकांचा’ हे ऐकून मी गाडीतून चष्मा आणला आणि तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. मला विषय संपायला नको होता.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, “काका, वाईट वाटून घेऊ नका. हायजीनचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही.”

खरंच दुसरं काही नसेल. त्यांना माझी जात ठाऊक नव्हती, आडनाव ठाऊक नव्हतं, नियम सगळ्याच बाहेरच्यांना होता. हे सगळं मी त्या उन्हात उभा राहून स्वतःला समजावलं. पण आम्ही बौद्ध आहोत, आणि आमच्या घरात पाणी हा साधा विषय नाही. गावच्या हॉटेलात आजोबांसाठी कप वेगळा असायचा. बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि परत पालथा घालायचा. ते हे सांगताना ताठ बसायचे, आणि मी लहानपणी म्हणायचो, आजोबा, किती वेळा तेच सांगता. आता त्या कूलरसमोर मला वाटलं, केवढी प्रगती झाली. कप विसळायचाही त्रास उरला नाही. वापरा आणि फेका.

सेक्रेटरी समजुतीने म्हणाले, “आणि अहो, तुमच्या टँकरमधलं प्या ना. आमच्या कूलरमध्येही तेच फिल्टर होऊन येतं.”

मला चांगली उत्तरं नेहमी घरी पोचल्यावर, जेवताना सुचतात. त्या दिवशी कसं कोण जाणे, वेळेवर सुचलं.

“पाणी तेच आहे, तर ग्लास तोच का नाही?”

मी गाडीच्या मागे गेलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. या वेळी अगदी आठवणीने. म्हटलं, “साहेब, हे दहा हजार लिटर माझ्या हातचं आहे. पाईपही मीच टाकीत सोडलाय. हायजीन बघायचं तर नीट बघू.”

त्यांनी मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काय चाललंय ते सांगितलं. पलीकडून मालक म्हणाले, “साईं, झगडा नको. खाली करो और निकलो.”

आवाज शांत होता, पहिल्या दिवसासारखाच. माझ्या डोळ्यांसमोर टेबल आलं, त्यावर चावी. मुलीची परीक्षा. बायकोची बोटं, धागे कापून कापून अंगठ्याशी घट्टे पडलेली. वरच्या गॅलरीतून एक बाई विचारत होती, “अहो, पाणी सोडताय का? बाळाची अंघोळ अर्धवट राहिलीय.” तिचं काय चुकलं होतं?

मी कूलरपाशी गेलो, स्टीलचा ग्लास घेतला, भरला आणि तिथेच उभा राहून प्यायलो. साखळी आखूड होती, वाकून प्यावं लागलं, त्यामुळे प्रसंगाला जेवढा रुबाब यायला हवा होता तेवढा आला नाही. अर्धं पाणी शर्टावर. मग ग्लास स्वच्छ विसळून पालथा ठेवला. हायजीन. वॉचमन दुसरीकडे बघत होता. सेक्रेटरींनी मोबाईल काढून माझा फोटो घेतला. मी जाऊन व्हॉल्व्ह उघडला आणि टाकी काठोकाठ भरून दिली.

उल्हासनगरला पोचेपर्यंत तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून मालकांकडे आला होता. कंप्लेंट म्हणून. मालकांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

“साईं, इस में आप पानी पी रहे हो.”

“हो.”

“और?”

“और कुछ नहीं.”

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “चाबी रखो अपने पास. पर वो लोग बोलतात दुसरा ड्रायव्हर भेजो. कल से आप साइटवर.”

साइट म्हणजे बांधकामाच्या जागा. रस्ता नाही, नुसती खडी आणि चढ, आणि अर्धा टँकर पाठीत ढुशा मारतोय. सोसायटीवर दुसरा ड्रायव्हर जाऊ लागला. त्याच्यासाठी कागदी ग्लासांची नवी चळत आली, असं त्यानेच सांगितलं. तो कागद अजून तिथेच आहे. मला अजून त्याचा संताप येतो. खडीवर गाडी उसळली की जास्तच येतो.

त्या संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. मालकांनी पाठवलेला फोटोही दाखवला. बायकोने हात पुसले, मोबाईल घेतला आणि नीट पाहिलं.

“पोट केवढं दिसतंय,” म्हणाली.

“अगं, पोट काय बघतेस.”

माझ्यावर चिडली असेल असं वाटलं. रस्ता गेला, गेटजवळची टाकी गेली, चावी जाता जाता राहिली. मोबाईल परत देताना तिने विचारलं,

“आणि एकच ग्लास प्यायलात?”