तांब्याच्या देशातली पाहुणी

पहिला दगड गाडीच्या मागच्या काचेवर बसला तेव्हा मला वाटलं, टायर फुटलं. दुसऱ्या दगडाने काच मागच्या सीटवर सांडली. मी स्टिअरिंगवर होते. आमची पाहुणी खाली रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या कडेवर तीनचार वर्षांची एक रडणारी मुलगी होती.

पाहुणी कोण, ते आधी सांगते. बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याचं लहानसं युनिट आहे. कच्च्या केळीची पावडर करतो, आणि घड उतरवल्यावर शेतकरी जे खोड बांधावर फेकून देतात, त्याचा धागा काढतो. सरकारच्या एका योजनेतून ही बाई ते काम शिकायला आली होती, आफ्रिकेतल्या एका तांब्याच्या देशातून. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं आणि ती राहिलीही आमच्याच घरी. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली, अंगाने उंच. मला ‘ताई’ म्हणायला ती पहिल्याच दिवशी शिकली.

केळी सोलता सोलता एकदा म्हणाली, “ताई, आमच्या पायाखाली तांबं आहे. दगड निघतो तसाच ट्रकात भरून बंदराला जातो. तार बाहेरून येते, पंखा बाहेरून येतो.”

मी म्हटलं, “आमच्याकडून केळी अशीच हिरवी जातात. वेफर्स पाकिटातून परत येतात.”

ती हसली नाही. तिचा नवरा खाणीबाहेरच्या टाकाऊ ढिगाऱ्यात उरलेलं तांबं वेचायचा. त्याला खाणीच्या पहारेकऱ्यांनी गोळी घातली. ढिगाऱ्यावरून प्रेत खाली आणायला बायकाच गेल्या, कारण पुरुष गेले असते तर त्यांच्यावरही गोळ्या सुटल्या असत्या. त्यानंतर त्या बायकांनी ठरवलं की दगडावर जगायचं नाही. परसात केळी पिकून सडत होती, त्यांच्यावर जगायचं. तिचा थोरला मुलगा गावाजवळ नुकत्याच निघालेल्या तारेच्या कारखान्यात लागला होता, हेही ती पुन्हा पुन्हा सांगायची. त्यांच्याच तांब्याची तार, त्यांच्याच माणसांनी ओढलेली.

तिला नेपानगर बघायचं होतं. एका कागद गिरणीभोवती वसलेलं गाव कसं असतं, ते तिला पाहायचं होतं. रविवारी मी तिला घेऊन गेले. परत येताना चांदनीच्या अलीकडे एका खेड्याजवळ, त्याचं नाव मी लिहीत नाही, बांधावर खोडांचा मोठा ढीग दिसला. “थांब, थांब,” म्हणत ती उतरली. ती ढिगाकडे चालली असताना शेजारच्या पाटात ही मुलगी घसरून पडली. पाहुणीने तिला उचलून वर काढलं. मुलीचा गुडघा फुटला होता. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. मलाही आले होते. मी ते पुसले नव्हते, पुढेही पाठवले नव्हते.

“बच्चा चोर! पकडो साली को!”

केळीच्या बागेतून माणसं निघाली. पाचसहा, मग वीस, मग मोजता येईनात. पाहुणीने मुलीला खाली ठेवलं आणि ती गाडीकडे धावली. आणि मी दारांचं लॉक दाबलं.

हे मी कुणालाही सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण तसंच घडलं. तिचा तळवा काचेवर आपटत होता, तिचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि माझं बोट त्या बटणावर होतं. मग कुणीतरी तिच्या वेण्या मुठीत धरून तिला मागे ओढलं. तळवा गेला, काचेवर ओला ठसा राहिला. तेव्हा कुठे मी दार उघडून बाहेर पडले.

“अरे पाहुणी आहे ती! मुलीला वाचवलंय तिनं! मैं टीचर हूँ, सुनो तो!” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. केळीला टेकू द्यायचे बांबू त्यांच्या हातात होते. बांबू मांसावर बसला की धपकन वाजतो, हाडावर बसला की वेगळा आवाज होतो. दोन्ही मी ऐकले. मी मध्ये हात घातला आणि माझं मनगट मोडलं. दुखलं ते नंतर. तेव्हा फक्त हात उलटा लटकलेला दिसला.

मुलीची आई विळा घेऊन धावत आली. तिने विळ्याची मूठ पाहुणीच्या तोंडावर मारली. डोळ्यातून रक्त आलं. तेवढ्यात मुलगी आईच्या पायाला लोंबकळून किंचाळली, “आई, नको मारू! हिनंच काढलं मला पाण्यातून!”

आई थबकली. विळा तिने फेकून दिला आणि सरळ पाहुणीच्या अंगावर आडवी पडली. “थांबा वो! माझी पोरगी हाय, मी सांगते ना!”

मला वाटलं, संपलं. पण कुणीच थांबलं नाही. पोर कुणाची, तिला काय झालं, याच्याशी आता कुणाला घेणंदेणं उरलं नव्हतं. आता त्या आईच्याही पाठीवर बांबू पडायला लागले. मारणाऱ्यांत मला एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्या युनिटला खोडं पुरवणारा माणूस. आदल्या बुधवारी तो आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेला होता. त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा बांबू उचलला.

केळी भरून निघालेला एक ट्रक हॉर्न दाबून धरत सरळ गर्दीत घुसला, म्हणून आम्ही वाचलो. हमालांनी खाली उडी मारून आम्हा तिघींना आणि मुलीला उचललं आणि वर घडांवर टाकलं. बऱ्हाणपूरपर्यंत पाहुणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिरव्या केळ्यांवर रक्त थांबत नव्हतं, निथळून खाली जात होतं.

पाहुणीचा डावा डोळा गेला. चार बरगड्या मोडल्या. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तू दार बंद केलंस.”

“हो.”

“का?”

“भीती वाटली.”

“मी ते विसरणार नाही,” ती म्हणाली. मी माफी मागायला लागले तर तिने हात वर करून मला थांबवलं. “रडू नकोस. माझं शिकणं अर्धं राहिलंय. धाग्याचं मशीन कुठे आहे, ते सांग.”

तिच्या सरकारने परतीचं तिकीट पाठवलं. तिने तारीख पुढे ढकलून घेतली. डोळ्यावर पट्टी, छातीला पट्टा, अशी ती युनिटमध्ये स्टुलावर बसून धागा काढायला शिकली. रोलरमध्ये खोड चिरडलं जाऊ लागलं की मी बाहेर जायचे, मला तो आवाज सहन व्हायचा नाही. ती जागची हलत नसे.

पोलिसांनी ओळख परेडला बोलावलं तेव्हा खोडंवाल्याची बायको घरी आली. पाय धरायला लागली. “वहिनी, तुम्ही तेवढं म्हणा ना, तो नव्हता.” मी तिला उठवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर आम्हाला कुणी खोडं देईना. युनिटच्या खिडक्या दोनदा फुटल्या. नवरा एकदाच म्हणाला, “तू ओळखलं नसतंस तर?” मी म्हटलं, “अहो, मी आधीच एकदा दार लावून बसले होते.” मुलीच्या आईला त्या गावात राहणं अवघड झालं. ती आता आमच्याकडे काम करते. खोडं आम्ही इच्छापूरच्या पलीकडून, महाराष्ट्रातून आणतो. केस अजून चालू आहे.

पाहुणी गेली त्याला वर्ष होऊन गेलं. मध्यंतरी तिचा व्हिडिओ फोन आला. तिकडे बायकांनी शेड घालून धाग्याचं मशीन लावलं होतं. त्या ढिगाऱ्यावर यायच्या बंद झाल्या, म्हणून त्यांच्याकडून तांबं विकत घेणाऱ्या ठेकेदाराची माणसं शेडमध्ये शिरली. हातोड्याने मशीन फोडलं, दोघींचे हात मोडले. हे ती अगदी सपाट आवाजात सांगत होती. तिच्या थोरल्या मुलाने तारेच्या कारखान्यातून वेल्डिंगवाला आणून रोलर जोडून घेतला होता, पण धागा तुटून येत होता.

मी फोन नवऱ्याकडे दिला. त्याने चष्मा लावला, पडद्यावर ते मशीन बराच वेळ निरखलं. मागे बायकांचा गलका, कुणाच्यातरी गळ्यात प्लास्टर घातलेला हात.

“तिला सांग,” तो मला म्हणाला, “ब्लेड उलटं बसवलंय. आणि रोलर नि ब्लेडमधली फट कमी करायला सांग, अगदी नखाएवढी.”

मी सांगितलं. तिने मागे वळून बायकांकडे पाना मागितला.