बरोबरी मागायचा अधिकार

धाकट्या भावानं लिहिलेला, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम तो गेल्यावर माझ्याकडे आला. उमरग्यातल्या एका कॉलेजात अशा प्रोग्रामांची स्पर्धा होती. नाव त्यानंच देऊन ठेवलेलं, म्हणून लॅपटॉप घेऊन मी गेले. पहिला डाव बरोबरीत सुटला तरी पुढची फेरी मिळणार होती. हरलं तर संपलं. त्यात सुधारणा करणारा आता कुणी नव्हता.

पंच म्हणजे गणिताचे निवृत्त सर. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं की माणसांनी फक्त हात व्हायचं. प्रोग्राम सांगेल ती खेळी पटावर मांडायची, समोरची खेळी लॅपटॉपला कळवायची. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, पण तीही प्रोग्रामनं मागायची.

दुपारपर्यंत डाव रखडला. समोरचा हत्ती शह द्यायचा, आमचा राजा एक घर सरकायचा. पुन्हा शह, पुन्हा राजा मागं. तीच स्थिती दुसऱ्यांदा आली. समोर बसलेले नळदुर्गचे गृहस्थ कंटाळून म्हणाले, "ताई, लई झालं हे. बरोबरी करून टाकू."

मी लगेच हात पुढं केला. त्यांनीही केला.

"हात खाली घ्या दोघंही," पंच म्हणाले. "तुम्हाला कुणी विचारलंय?"

मी म्हटलं, सर, डोळ्यांनी दिसतंय की पुढं काही होणार नाही. त्यांनी नियमाचा कागद पुन्हा वाचून दाखवला, सावकाश, वर्गात वाचावा तसा. नियम चुकीचा नव्हता, त्याचाच मला जास्त संताप आला.

आता राजा पुन्हा त्याच घरात गेला की झालं असतं. पण पडद्यावर खेळी आली ती भलतीच. राजा दुसऱ्या बाजूला, प्यादं उघडं टाकून. मग मला आठवलं. बरोबरीला भावानं प्रोग्राममध्येच कमी गुण दिले होते, मुद्दाम. बरोबरी म्हणजे अर्धवट काम, असं जेवताना सांगायचा. आई म्हणायची, घे की रे जमवून कधी. हा ऐकायचा नाही.

"मांडा ताई," पंच म्हणाले.

मी राजा उचलला. प्यादं गेलं, मग आमचा हत्तीही. हार मानायचाही मला अधिकार नव्हता, त्यामुळं मात होईपर्यंतची त्याची एकेक वाईट खेळी मलाच माझ्या हातानं मांडावी लागली.